बोरदऱ्याच्या बेटाचा नकाशा

हिंगोली, ११ जुलै २०२४

विश्वजीत,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याच्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. म्हणून पत्र. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली आणि सख्ख्या भावाशी बोलायला मला पोस्टाची पेटी गाठावी लागते आहे. आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत.

गुंजनने परवा मला एक फोटो पाठवला. तिला रागावू नकोस. बापाच्या दुकानात आलेली वस्तू आत्याला दाखवावी असं लेकराला वाटलं, एवढंच. ‘आत्या, बाबांकडे तुमच्या हिंगोलीकडच्या एका बेटाचा नकाशा आलाय, हे बेट नेमकं कुठं?’ असं तिनं विचारलं होतं. मी तिला अजून काही कळवलेलं नाही. आधी तुला विचारते.

कापडावर चिकटवलेला जुना कागद. उर्दूत गावाचं नाव, खाली मोडीत तेच. कोपऱ्यात फसली सन १३३७. मधे टेकडी, टेकडीभोवती निळी रेघ आणि रेघेबाहेर पाण्यासारख्या रंगाचा फिकट हात फिरवलेला. खाली तू लावलेली चिठ्ठी: ‘मराठवाड्यातील बेटाचा दुर्मिळ निजामकालीन नकाशा. नकाशाकार अज्ञात.’

‘अज्ञात’ हा शब्द तुझा की दुकानातल्या माणसाचा?

हा कागद तुझ्याकडे कुठून आला, एवढं मला कळव. नानांची नकाशाच्या सामानाची ट्रंक आपल्या माळ्यावर आहे. आईच्या दिवसांत तू एकटाच वर चढला होतास, पाण्याची टाकी बघतो म्हणून. टाकी बघायला अर्धी दुपार लागत नाही. नंतर तेराव्याला ट्रंकेवरून आपलं वाजलं आणि तू पानावरून उठून गेलास. बापाच्या वस्तूंना भाव लावायला आलास का, असं मी तेव्हा बोलले होते. ते मी मागे घेतलेलं नाही. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे नाही, नाहीतर मीच उघडून खात्री केली असती.

स्वातंत्र्यदिनाला पुण्यात जुन्या कागदपत्रांचं प्रदर्शन आहे आणि तिथं हा नकाशा विक्रीला ठेवणार आहेस, असं गुंजन म्हणते. त्याआधी उत्तर दे.

ताई


हिंगोली, २२ जुलै

विश्वजीत,

तुझं कार्ड मिळालं. ‘नकाशा वारंगा फाट्याच्या दिपक नावाच्या मुलाकडून रीतसर घेतला. ट्रंक मी उघडलेली नाही. तूच बघ.’ शेवटचे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तूच बघ म्हणजे काय? ट्रंकेत बघ, की माझ्याकडे बघ?

मी वारंगा फाट्याला गेले. रागाने नाही. खरं-खोटं बसल्या जागी कळत नाही म्हणून. एसटीत कळमनुरीपर्यंत उभी, पुढे जागा मिळाली. फाट्यावर टायरची दुकानं ओळीनं आहेत. तिसऱ्या दुकानात दिपक सापडला. बावीस-तेविसाचा असेल, कानात बाळी, अंगभर काळं ऑइल. एका ट्रकचं चाक उघडून बसला होता आणि ड्रायव्हर शेजारच्या खाटेवर आडवा होता.

मी विचारलं, जुना नकाशा विकणारा दिपक तूच का? तो म्हणाला, “काहून?” मग वर न बघता म्हणाला, “मावशी, आमी टायर इकतो. नकाशा पाह्यजे तं मोबाइलमंदी बघा ना.”

निळ्या रेघेचा, असं मी म्हटल्यावर त्याचा पाना थांबला.

“तुमी पोलिसातल्या हाव का?”

“नाही.”

“मंग सरकारी?”

“होते. आता पेन्शनीत.”

“मंग तं लईच तकलीफ,” तो ड्रायव्हरकडे बघत म्हणाला आणि ड्रायव्हर आडवा पडल्या पडल्या हसला.

मी हटले नाही. शेवटी त्यानं सांगितलं की कागद घरचा होता, पेटीत पडून होता, चोरीचा नव्हता. घरातली वस्तू घरातल्यानं विकली तर चोरी होते का, असं त्यानं मलाच विचारलं. आता बघ. मी ‘चोरी’ हा शब्द उच्चारलाही नव्हता. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की न विचारलेल्याचं उत्तर माणूस उगीच देत नाही.

घर कुठलं, विचारलं. तर म्हणाला, तांडा, बोरदऱ्याच्या तलावाकाठी, औंढा तालुका.

नकाशावरचं बोरदरा त्याच्याही तोंडून ऐकलं आणि मी त्याच्या टायरवर बसले. त्यानं पाणी आणून दिलं, ते मात्र त्याच्या बाजूनं लिहिते.

तुला बोरदऱ्याचं काही माहीत नाही. तू दोन वर्षांचा होतास. आई तुझ्यासमोर तो विषय काढू द्यायची नाही आणि नंतर तिचीच रीत मी पाळली. सिद्धेश्वर धरणाचं काम संपत आल्यावर नानांची बदली बोरदऱ्याच्या नव्या तलावावर झाली. ते अनुरेखक होते हे तुला ठाऊक आहे, पण काम काय होतं ते कदाचित नसेल. साहेबांनी ठरवलेली रेघ, तिच्यावर आरपार दिसणारं मेणकापड टाकून दुसऱ्या कागदावर उचलायची. स्वतःच्या मनाची एकही रेघ मारायची नाही. तर त्या कचेरीतून बोरदऱ्याचा जुना गावनकाशा नाहीसा झाला. तो नानांच्या ताब्यात होता. चौकशी झाली. नाना एवढंच म्हणाले, ‘माझ्याकडून गहाळ झाला.’ त्यांची पगारवाढ बंद झाली आणि त्यांना कळमनुरीला शेताच्या याद्या उतरवायला बसवलं. पुन्हा कधी नकाशाला हात लावू दिला नाही. मी तिसरीत होते. वर्गात पोरी मला ‘नकाशाचोराची’ म्हणायच्या. मी एकीचं नाक फोडलं होतं. शिक्षा म्हणून बाईंनी बाकावर उभं केलं, तेव्हाही मी हेच म्हणत होते की नानांनी नेलेला नाही.

आजही म्हणते. तो नकाशा गहाळ झाला होता.

आणि आता, नाना गेले, आई गेली, आणि बोरदऱ्याचा नकाशा निघतो तो नेमका तुझ्या दुकानात. हा दिपक तुझाच माणूस नाही, हे मी कशावरून धरू? जुन्या वस्तू विकणाऱ्याला एक गोष्टही लागते, वस्तूमागची. तांड्याची पेटी ही गोष्ट चांगली आहे.

ताई


हिंगोली, ३ ऑगस्ट

विश्वजीत,

गुंजनकडून मी मोठे फोटो मागवून घेतले. तिला म्हटलं, डोळे अधू झालेत. ते खोटं होतं. माझे डोळे ठीक आहेत.

फसली १३३७ म्हणजे इंग्रजी १९२७-२८, निजामाचं राज्य. तेव्हा बोरदऱ्याला बेट नव्हतंच. पाणीच नव्हतं. एक नाला होता, उन्हाळ्यात कोरडा पडणारा, आणि काठाला टेकडी. तलाव आपल्या लहानपणी बांधला. तेव्हा ‘निजामकालीन बेट’ असं लिहिणारा एक तर अडाणी असेल नाहीतर लबाड. तू अडाणी नाहीस.

म्हणजे खालचा गावनकाशा जुना आहे आणि निळं पाणी कुणीतरी नंतर चढवलं. साध्या गावनकाशाला कोण विचारतो? बेट म्हटलं की माणूस थांबतो.

दुसरं. कागदाच्या घड्या शाबूत आहेत. कडा शाबूत आहेत. झिजली आहे ती फक्त निळी रेघ. टेकडीभोवती पूर्ण गोल, सगळीकडे सारखी, काही ठिकाणी खालचं कापड दिसेपर्यंत. जुना कागद घडीवर फाटतो, कडेला कुरतडला जातो. नेमका रेघेरेघेनं झिजणारा कागद मी ऐकलेला नाही. कुणीतरी बसून घासला आहे, जुना दिसावा म्हणून.

तिसरं लिहायला मला जड जातं. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आहे. त्याच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी वळलेले दोन फराटे आणि खाली टिंब, पोपट मागून दिसावा तसा. हा नानांचा बाण आहे. माझ्या पाटीवर, आईच्या रांगोळीच्या कडेला, तुझ्या चित्रकलेच्या वहीवर, जिथं जागा मिळेल तिथं ते तो काढायचे. उत्तर कळली की माणूस हरवत नाही म्हणायचे. तो बाण तू या कागदावर काढलास. नानांचा हात तू विकायला काढलास. आणि वर लिहिलंस, अज्ञात.

बोरदऱ्याचा नकाशा नानांच्या बाणासकट बाजारात आला की लोक काय म्हणतील? अनुरेखक गोपाळरावांनी नेलाच होता म्हणतील. चौकशीत जे सिद्ध झालं नाही, ते तू सिद्ध करून देतो आहेस, आणि तेही खोट्या कागदानं.

म्हणून मी प्रदर्शनवाल्यांना रजिस्टर पत्र टाकलं. ज्यांचा हा बाण आहे त्यांची मी मुलगी, बोरदऱ्याला त्या सनात बेट नव्हतं, पाणी आणि झीज दोन्ही बनावट आहेत, असं स्वच्छ लिहिलं. सही, पत्ता, फोन नंबर सगळं दिलं.

पाकिटात राखी शोधू नकोस. टाकलेली नाही.

ताई


हिंगोली, १३ ऑगस्ट

विश्वजीत,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. प्रदर्शनवाल्यांनी नकाशा यादीतून काढून टाकला आणि धंद्यातली माणसं तुझ्याकडे बघायची पद्धत बदलली, हे वाचलं. वाईट वाटलं का, ते मी लिहिणार नाही.

पण मधला एक परिच्छेद मला कापत गेला. तू लिहितोस, ‘ताई, तो बाण मला कधीच जमला नाही. माझा पोपट कावळ्यासारखा व्हायचा आणि नाना हसायचे. जमायचा तो तुलाच.’ पुढे तू उघड लिहीत नाहीस, पण मला वाचता येतं. नकाशा इतकी वर्षं ट्रंकेत होता. ट्रंक माझ्याजवळ. आई गेल्यावर मी घाबरले, तांड्याच्या पोराच्या हातून तो बाहेर काढला आणि तुझ्या गळ्यात पडल्यावर मीच चोर चोर ओरडले. असंच ना?

मी पत्र टेबलावर आपटलं. मग शेजारी पडलेलं गॅसचं बिल उलटं केलं आणि पेननं बाण काढून बघितला. पहिल्याच फटक्यात बरोबर आला. दोन फराटे, खाली टिंब. तुझा संशय मूर्खपणाचा नाही, एवढं कबूल करावं लागेल.

तर आता किल्लीचं. किल्ली माझ्याकडे आहे. आईच्या करंड्यात होती, नेहमीच होती. तुला पहिलं पत्र लिहायच्या आदल्या दिवशी मी ट्रंक उघडली होती. कुलूप मोडलेलं नव्हतं, किल्ली माझी, म्हणजे तू उघडली नव्हतीस हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आत नानांचे टाक होते, निळ्या रंगाची वाळून भेगाळलेली वडी, आणि गुंडाळलेलं मेणकापड, कोरं. बाकी काही नाही. तरी मी तुला ते पत्र लिहिलं. माझ्या हातात दुसरं नाव नव्हतं.

म्हणजे तू नाहीस आणि मीही नाही. तर मग कोण उरतं?

त्याचं नाव मला लिहायचं नाही. निळी वडी ट्रंकेत बघून मी झाकण लावून टाकलं, ते याच भीतीनं.

आज सकाळी दिपकचा फोन आला. नंबर मी त्याला दुकानात देऊन आले होते. आवाज पार उतरलेला. “मावशी, आजीनं बोलावलं. जी बाई इचारायला आल्ती तिलाच घिऊन ये म्हणे.” का, विचारलं, तर म्हणाला, “तीजेची पेटी उघडली ना.” मला काही उलगडलं नाही. त्याला तर रडू यायचं तेवढं बाकी होतं.

उद्या जाते. जे असेल ते तुला लिहीन. माझ्या सोयीचं नसलं तरी.

ताई


हिंगोली, १६ ऑगस्ट

विशू,

हे पत्र सावकाश वाच. दुकानात वाचू नकोस.

औंढ्याच्या स्टँडवर दिपक मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत त्यानं एकदाच तोंड उघडलं, “आजी काय बी बोलली तं तुमी मधी पडू नका.” माझी मधे पडायची इच्छा नव्हतीच.

तांडा तलावाच्या पूर्वेला उंचावर आहे. पक्की घरं, पुढं सोयाबीन. ओट्यावर त्याचे आजोबा प्रेमसिंग बसलेले, सत्तरी ओलांडलेले, अंगानं काटक. आजी शकुंतलाबाई दारात उभ्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी गोपाळरावांची मुलगी आहे असं सांगितलं, तेव्हा प्रेमसिंग माझ्याकडे असे बघत राहिले जशी मी तुझ्याकडे गेला महिनाभर बघते आहे.

“त्या नकाशापायी आधी बी माणसं येऊन गेले,” ते म्हणाले. “कोणी म्हणे सरकारचा, कोणी म्हणे शाळेत लावतो. तुमी मुलगी म्हणता. आमी कशावरून मानावं?”

माझ्याकडे दाखवायला काय होतं? आधारकार्डावर नानांचं नाव नाही, नवऱ्याचं आहे. मग ते म्हणाले, “तो माणूस दिशा कशी दावायचा, काढा.”

अंगणात काटकी होती. मी खाली बसले आणि मातीत बाण काढला. शकुंतलाबाई पायरी उतरून आल्या. त्यांनी पदराआडून एक चकचकीत कागद पुढं केला, जमिनीवरच्या बाणाशेजारी धरला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “बराबर हाय.” मग आतून पाट आणला आणि मला बसायला दिला.

तो चकचकीत कागद म्हणजे तुझ्याकडच्या नकाशाची रंगीत झेरॉक्स. प्लास्टिकमध्ये बंद केलेली. दिपकनं मूळ नकाशा काढून तुला दिला आणि त्याच्या जागी ही ठेवली. बिचाऱ्याला खरंच वाटलं होतं की त्यानं बदल्यात जास्त चांगली वस्तू ठेवली. तो कोपऱ्यातून म्हणाला, “तेच तं हाय सगळं. उलट हे भिजत बी न्हाई.” आजीनं गोठ्याकडे बोट केलं. तो गुरांना पाणी दाखवायला गेला.

आता नकाशा त्यांच्याकडे का होता, ते. प्रेमसिंगांनी सांगितलं तसं लिहिते.

तेव्हा तांडा त्या टेकडीवर होता आणि प्रेमसिंग चौदा-पंधरा वर्षांचे होते. त्यांचे वडील तांड्याचे नाईक. तलावाचं काम सुरू झालं तशी कचेरीतली माणसं येऊन सांगून गेली, की पाण्याची हद्द टेकडीच्या खाली आहे, तुमची घरं बुडत नाहीत, तुम्हाला उठायचं कारण नाही. ते खोटं नव्हतं. घरं बुडणार नव्हतीच. नाईकांनी आनंदानं गूळ वाटला.

नंतर एक बारीक, चष्मेवाला माणूस सायकल ढकलत टेकडीवर आला. धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला नकाशा कॅरिअरला बांधलेला. पाणी प्यायला आणि खाटेवर नकाशा पसरला. नाईकांना वाचता येत नव्हतं. त्या माणसानं काही वाचूनही दाखवलं नाही. पुढचं प्रेमसिंगांच्याच शब्दांत लिहिते, कारण ते सांगताना म्हाताऱ्याचं बोट हवेत फिरत होतं.

“तुमच्या बापानं माझ्या बापाचं बोट धरलं अन् निळ्या रेघेवर ठिवलं. म्हणाला, नाईक, ह्या रेघेवरून चला, बोट उचलू नका. बाप चालत गेला, चालत गेला. जिथून निघाला तिथंच परत आला. तवा ते म्हणाले, आता सांगा, ढोरं बाहेर कुठून काढाल?”

विशू, कचेरीत ती रेघ सगळ्यांनी पाहिली होती. पण ती बघायची असते ती गाव आत की बाहेर, एवढ्यापुरती. पाण्याच्या पातळीची रेघ जुन्या गावनकाशावर उचलायचं काम नानांचं होतं. त्यांचा टाक टेकडीला वळसा घालून, जिथून सुरू केलं तिथं येऊन टेकला असेल. रेघ मिटली, हे हाताला कळलं. आत तांडा, आणि वाट कुठंच नाही. अजून पाण्याचा थेंब नव्हता. बेट व्हायच्या आधी बेटाचा नकाशा तयार झाला होता. बाहेरचा फिकट निळा हात त्यांनी तांड्यासाठी म्हणून नंतर फिरवला, न वाचणाऱ्याला पाणी दिसावं म्हणून. स्वतःच्या मनानं मारलेला त्यांचा तेवढाच एक रंग.

तांडा त्याच उन्हाळ्यात खाली उतरला. पश्चिमेला टेकडीची एक मान आहे, तेवढीच जमीन बाहेरच्या रानाला जोडलेली. काहीजण म्हणत होते, मान तर उघडीच राहील, उतरायचं कशाला. पहिल्याच भरल्या पावसाळ्यात ती बुडाली.

नकाशा नाईकांनी परत न्यायला सांगितला. नाना म्हणाले, ठेवा. कारण दुष्काळात मान वर्ष-वर्ष उघडी राहते, वर माती चांगली आहे, जुन्या घरांची जोती आहेत, आणि लोक पुन्हा वर जायचं म्हणतात. बोलून कुणी ऐकत नाही, बोट फिरवलं की ऐकतं. चौकशी लागल्याचं कळलं तेव्हा नाईक हिंगोलीला साक्ष द्यायला निघाले होते. नानांनी त्यांना स्टँडवरूनच परत पाठवलं. “तुम्ही सांगितलं तर कागद कचेरीत जाईल,” म्हणाले. “मग पुढच्या लेकरांना काय दाखवाल?”

त्या दिवशी मी कदाचित बाकावर उभी असेन.

तेव्हापासून तांड्यानं एक रीत ठेवली. श्रावणात बंजाऱ्यांची तीज असते. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज तलावाचं पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी गोकुळाष्टमीच्या सुमारास पाण्यात बोळवतात. बाकीच्या तांड्यांवर नाही, पण इथं पेरणीआधी पेटीतून नकाशा निघतो आणि प्रत्येक पोर बोट न उचलता रेघेवरून एक फेरी घालते. पोरीच का, मी विचारलं. शकुंतलाबाई म्हणाल्या, “पाण्याला पोरीच जातेत. पाणी कुठवर येते ते पोरीला ठाव पाह्यजे.” या वर्षी त्यांची नात शिला पहिली बसली. बोट ठेवलं आणि म्हणाली, आजी, हे तं घसरून राहिलं. मग पेटीतला कागद सगळ्यांनी नीट पाहिला.

म्हणजे ती झीज. मी प्रदर्शनवाल्यांना बनावट म्हणून लिहिली, ती. इतक्या वर्षांच्या पोरींची बोटं आहेत ती. घडी झिजली नाही, कडा झिजल्या नाहीत, कारण त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

नंतर त्यांनी मला काठावर नेलं. मान गेल्या आठवड्यात बुडाली. टेकडी पाण्यात एकटी उभी होती, वर बाभळी आणि एका घराचं जोतं. मी ते बेट पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या घरापासून एका सकाळीत पोचता येतं आणि मी कधी गेले नाही, तिथं काही दिसेल या धास्तीनं.

तर नानांनी नकाशा नेला होता. हे वाक्य मी लिहिलं आहे आणि खोडणार नाही. आईलाही त्यांनी सांगितलं नसावं. की सांगितलं होतं आणि म्हणून ती विषय काढू द्यायची नाही? हा नवा संशय मी तुझ्यावर सोपवते.

आता कामाचं. प्रदर्शनवाल्यांना दुसरं पत्र लिहून पहिलं मागे घ्यावं, असं मी येताना गाडीत ठरवलं होतं. घरी येऊन पेन उघडलं आणि बंद केलं. मी मागे घेणार नाही. नकाशाकाराच्या मुलीनं सहीनिशी खोटा ठरवलेला कागद आता कुणी विकत घेणार नाही. तो खोटाच राहू दे. तुझ्या धंद्यातल्या नावाला त्यानं धक्का बसला आहे, हे मला कळतं, आणि ते मी भरून देऊ शकत नाही. लोकांना सांग की बहीण विक्षिप्त आहे. सही करून देते.

नकाशा घेऊन तू ये. मला नको, ट्रंकेतही नको. तांड्यावर. पेरणीच्या वेळी झालं नाही, तरी बोळवायच्या आधी पोरी फेरी घालतील, शकुंतलाबाईंनी तशी मोकळीक दिली आहे, पण त्यापुढे नाही. गोकुळाष्टमीच्या आत पोच. घडी घालू नकोस, गुंडाळून आण. दिपकशी जे काही करायचं ते त्याची आजी करते आहे, तू त्यात शिरू नकोस. राखी मी इथंच ठेवली आहे.

एक गोष्ट राहिली. गुंजन काल फोनवर बोलता बोलता म्हणाली की तो नकाशा दुकानात कधी लागलाच नाही, आल्यापासून तुझ्या खोलीत आहे, आणि चिठ्ठी तू तीनदा लिहून फाडलीस. तर ‘अज्ञात’ लिहिताना तुला बाण दिसला होता. ‘तूच बघ’ लिहितानाही दिसला होता. मी ओळखते का, हे बघत होतास की काय? तू मला हे सांगणार नाहीस, मला माहीत आहे.

निघताना शकुंतलाबाईंनी विचारलं, तुमच्या भावानं त्या रेघेवरून बोट फिरवलं का. मी म्हटलं, माहीत नाही, विचारते.

फिरवलंस ना?

ताई